26 पैकी 14: मोरोक्कोच्या संघावरच्या एका फॉरवर्डला उत्तर

मोरोक्कोचा सामना असला की आमच्या कोल्हापुरातल्या फुटबॉलच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास उगवतो. 2022 च्या कतार विश्वचषकापासून फिरतोय. मोरोक्को तेव्हा उपांत्य फेरीत गेला, आफ्रिकेतला पहिला देश. मजकूर असा:

"मोरोक्कोचा संघ मोरोक्कोचा नाहीच. 26 पैकी 14 जण परदेशात जन्मलेले. युरोपने या अरबांना आसरा दिला, खाऊपिऊ घातलं, फुटबॉल शिकवला आणि हे त्याच युरोपवर उलटले. खिशात दोन-दोन पासपोर्ट, निष्ठा एकीकडेही नाही. जिथे जन्मलात तिथलेच व्हा!"

खाली टाळ्यांचे इमोजी, ज्यांनी टाळ्या दिल्या त्यांतले निम्मे माझे मित्र. पाटाकडील की खंडोबा, कुठल्या तालमीचा फुटबॉल संघ भारी यावर घसा फोडणाऱ्या गावात कोण कुठला हा प्रश्न कुणी हलक्यात घेत नाही, तेव्हा मीही घेत नाही. एकेक वाक्य बघू.

"26 पैकी 14." आकडा बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये जन्मलेले 4, बेल्जियममध्ये 4, फ्रान्स आणि स्पेनमध्ये प्रत्येकी 2, कॅनडा आणि इटलीत एकेक. त्या स्पर्धेत दुसऱ्या कुठल्याही संघात बाहेर जन्मलेले एवढे खेळाडू नव्हते. पण आकडा उघडून आत बघितलं की गंमत सुरू होते. कॅनडाचा तो एक म्हणजे गोलरक्षक यासिन बूनू. जन्म माँट्रियलचा, पण लहानपणीच कासाब्लांकाला आला आणि तिथल्याच विदाद क्लबात तयार झाला. मजकुराच्या हिशेबात तो परदेशी. उलट अब्देलहमीद साबिरी जन्मला मोरोक्कोतल्या गुल्मिमात, वाढला जर्मनीत, फुटबॉलही तिथेच शिकला. तो मात्र देशी! आणि स्पेनमध्ये जन्मलेल्या दोघांपैकी एक, राखीव गोलरक्षक मुनीर मोहम्मदी, मेलिलाचा. मेलिला नकाशावर बघा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे, मोरोक्कोला चिकटून. 1497 पासून स्पेनकडे आहे आणि मोरोक्को त्यावर आजही हक्क सांगतो. म्हणजे हा माणूस ज्या जमिनीवर जन्मला तीच मुळात कुणाची यावर भांडण आहे, आणि आपण त्याला खुशाल 'युरोपियन' रकान्यात टाकून मोकळे.

त्या स्पर्धेत पोर्तुगालविरुद्धचा एकमेव गोल युसेफ एन-नेसिरीचा, तो मोरोक्कोतल्याच फेस शहराचा. स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके सामन्यानंतर ज्या 8 नंबरचं कौतुक करत राहिले तो अझेदिन उनाही कासाब्लांकाचा. बचावपटू नायेफ अग्वेर्द केनित्राचा. हे तिघेही राजधानी राबातजवळच्या, राजा मोहम्मद सहावे यांच्या नावाच्या फुटबॉल अकादमीत शिकलेले. तेव्हा "फुटबॉल युरोपने शिकवला" हेही अर्धंच.

एक मान्य करतो. मोरोक्कोचा फुटबॉल महासंघ युरोपातली पोरं हेरतो, घरी जाऊन आईबापांशी बोलतो. हे ठरवून चाललेलं काम आहे. आणि या पोरांना घ्यावं का, हा वाद आधी मोरोक्कोतच पेटला होता. तेव्हाचे प्रशिक्षक वालिद रेग्रागी स्वतः पॅरिसजवळ जन्मलेले. विश्वचषकाआधी आपल्याच देशातले पत्रकार 'इथे जन्मलेल्यांना का खेळवत नाही' म्हणून विचारत होते, हे त्यांनी स्पर्धेदरम्यान उघड सांगितलं.

आता "आसरा दिला". या दोन शब्दांसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आसरा दाराशी आलेल्याला देतात. इथे दार ठोठावायला युरोप गेला होता. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने 1963 मध्ये, बेल्जियमने 1964 मध्ये, नेदरलँड्सने 1969 मध्ये मोरोक्कोशी रीतसर करार केले, कामाला माणसं द्या म्हणून. खाणी, पोलादाचे कारखाने, रस्ते, रेल्वे. त्यांची स्वतःची पोरं खाणीत उतरायला तयार नव्हती.

उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणींसाठी भरती करणारा एक गृहस्थ होता, फेलिक्स मोरा. वसाहतीच्या फौजेतला माजी अधिकारी. मोरोक्कोतल्या सूस भागात आणि ॲटलास पर्वताच्या दक्षिणेकडल्या गावांत तो जायचा, तरुण रांगेत उभे राहायचे, अंगातला सदरा उतरवून. मोरा दात बघायचा, दंड आणि पाठ चाचपायचा आणि छातीवर शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे परत घरी. आपल्याकडे बैलबाजारात सुद्धा आधी मालकाशी दोन शब्द बोलतात. वीस वर्षांत सत्तर हजारांहून जास्त माणसं त्याने अशी नेली. करार 18 महिन्यांचा, म्हणजे फुप्फुसात कोळसा साठून खोकला सुरू व्हायच्या आत माणूस बदलता यावा असा.

रेल्वेचं ऐका. फ्रान्सच्या सरकारी रेल्वेने 1970 च्या दशकात मोरोक्कोतून मजूर आणले, फ्रेंच कामगारांच्या खांद्याला खांदा लावून रूळ टाकायला लावले, पण कायम रेल्वे कर्मचाऱ्याचा दर्जा दिला नाही, कारण नागरिकत्व परकं. बढती कमी, पेन्शन कमी. या म्हाताऱ्यांना तिकडे 'शिबानी' म्हणतात, दारिजात, म्हणजे मोरोक्कोच्या बोली अरबीत, पिकल्या केसांचा माणूस. त्यांतले 848 जण कोर्टात गेले. 2018 च्या जानेवारीत पॅरिसच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: भेदभाव झालाय, भरपाई द्या. आयुष्य रुळांवर गेल्यावर मिळालेला निकाल.

1973-74 च्या तेलसंकटानंतर भरती बंद झाली. ये-जा करायची सोय संपली तेव्हा माणसांनी बायकापोरं तिकडे बोलावून घेतली. अशा घरांत ही पिढी जन्मली. संघातला बचावपटू अशरफ हकीमी याची आई माद्रिदमध्ये लोकांची घरं झाडायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. हे त्याने स्वतःच सांगितलंय. त्यांच्या ताटातला घास 'युरोपने घातला' म्हणणाऱ्याने ती घरं कुणी झाडली हेही लिहावं.

"या अरबांना." हे मजकुरातलं सगळ्यात बेफिकीर विशेषण. त्यांच्या भाषेत देशाचं नाव अल-मग्रिब, मावळतीचा देश. आपल्याकडे मगरीबची नमाज म्हणतात तोच शब्द. पण त्या देशात अरबीच्या आधीपासून अमाझिग भाषा बोलतात. ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणत आले ते हे लोक. 2024 च्या जनगणनेत सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या तशेलहित, तमाझिग्त किंवा तरीफित या अमाझिग बोलींपैकी एखादी बोलते असं दिसलं. 2011 च्या राज्यघटनेने अमाझिगला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केलं. त्याच घटनेच्या प्रास्ताविकात देशाची ओळख सांगताना अरब-इस्लामी, अमाझिग आणि सहारातली हसानी अशा धारा मांडल्या आहेत, आणि आफ्रिकी, आंदालुसी, हिब्रू व भूमध्यसागरी प्रवाहांनी ती समृद्ध झाली असं म्हटलंय. 2023 मध्ये राजाने अमाझिग नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. कागदावर सगळं आलं म्हणजे शाळेत, कोर्टात, सरकारी खिडकीवर ती भाषा आली असं समजू नका. ते भांडण चालूच आहे. पण नेदरलँड्स आणि बेल्जियममधले मोरोक्कन मोठ्या संख्येने उत्तर मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगराळ भागातले, घरात तरीफित बोलणारे. त्यांना सरसकट अरब म्हणणं म्हणजे अख्ख्या दक्षिणेला मद्रासी म्हणण्यापैकी.

आणि हे मराठी माणसाला नवं नसावं. चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन मराठ्यांविषयी सांगून गेलेला प्रवासी इब्न बतूता मोरोक्कोतल्या टँजिअरचा. त्याचं प्रवासवर्णन अरबीत आहे, पण त्याच्या नावात 'लवाती' आहे. लवाता ही अमाझिग जमात.

तो 'हिब्रू प्रवाह' काय, तेही सांगतो. 1940 च्या दशकात मोरोक्कोत सुमारे अडीच लाख ज्यू होते. आज दोन-तीन हजार उरलेत. बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथे वाळवंटातल्या नव्या वसाहतींत त्यांतल्या अनेकांना नेऊन टाकलं गेलं. त्या वसाहतींतली एक दिमोना. पहिले रहिवासी उत्तर आफ्रिकेतले. नंतर त्याच गावात कोकणातले आपले बेने इस्रायली ज्यू आले, मराठी बोलणारे, माळिद्याचं ताट मांडणारे. शेजारचे मोरोक्कन ज्यू वल्हांडण सण संपल्याच्या रात्री मिमूना साजरा करतात, दार उघडं ठेवून, गोडधोड मांडून. दोघांनाही तिथे 'तुम्ही नक्की आमच्यातले का' हे ऐकावं लागलं. बेने इस्रायलींना तर लग्नासाठी आपलं ज्यूपण सिद्ध करायला सांगितलं गेलं, तेव्हा ते 1960 च्या दशकात रस्त्यावर उतरले. कोण कुठला हे जन्मगावावरून ठरवायचं, तर दिमोनातल्या त्या आजीबाई कुठल्या, ज्या अजून मराठीत भांडतात?

"दोन पासपोर्ट." मजकूर लिहिणाऱ्याला वाटतंय की ही चलाखी आहे. मोरोक्कोचं नागरिकत्व सोडणं जवळजवळ अशक्य आहे. बाप मोरोक्कन तर मूल मोरोक्कन, जगात कुठेही जन्मो. 2007 पासून आईकडूनही. सोडायचं तर सरकारची परवानगी हवी आणि ती सहसा मिळत नाही. डच कायदा एरवी नागरिक होताना जुनं नागरिकत्व सोडायला लावतो, पण मोरोक्कोच्या लोकांना या कारणाने सूट द्यावी लागते. तेव्हा दुसरा पासपोर्ट हा हावरेपणाचा पुरावा होत नाही; तो आडनावासारखा चिकटलेला असतो.

त्यावरून राजकारण मात्र भरपूर झालं. रिफमधल्या एका खेड्यात जन्मलेले, पंधराव्या वर्षी नेदरलँड्सला गेलेले अहमद अबूतालेब 2007 मध्ये उपमंत्री झाले तेव्हा कट्टर उजवे डच नेते खिर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने याच दोन पासपोर्टांवरून अविश्वास ठराव आणला. तो पडला. अबूतालेब पुढे 2009 ते 2024 अशी पंधरा वर्षं रॉटरडॅमचे महापौर राहिले. याच विल्डर्स यांनी 2014 मध्ये हेगमधल्या सभेत समर्थकांना विचारलं, मोरोक्कन जास्त हवेत की कमी? सभागृह ओरडलं, कमी, कमी. त्याबद्दल ते एका समाजगटाच्या अपमानाचे दोषी ठरले. आता सांगा, तिथे जन्मलेल्या, तिथेच शाळेत गेलेल्या पोराने टीव्हीवर ही आरोळी ऐकली, आणि वर आपला मजकूर त्याला सांगतोय, जिथे जन्मलास तिथलाच हो.

दुसऱ्या बाजूलाही गालिचे अंथरलेले नाहीत. उन्हाळ्यात लाखो माणसं गाड्यांच्या टपावर सामान बांधून स्पेनच्या अल्जेसिरास बंदरातून बोटीने ब्लादला, म्हणजे मुलखाला, येतात. गावात त्यांना 'झमाग्री' म्हणतात. फ्रेंच 'इमिग्रे'चं दारिजाने केलेलं रूप, त्यात हेवा आणि टिंगल दोन्ही. मोठी गाडी, तोडकी भाषा, बाजारात दुप्पट भाव. मुंबईकर चाकरमानी गणपतीला गावी आला की भावकीत जे बोललं जातं ना, तो सूर. हे लोक वर्षाला 100 अब्ज दिरहमपेक्षा जास्त पैसे घरी पाठवतात. मतदानाचा हक्क घटनेच्या 17 व्या कलमाने त्यांना दिलाय, पण 2021 च्या निवडणुकीतही परदेशात राहून स्वतः मत टाकायची सोय नव्हती. देशातल्या कुणाला तरी मुखत्यार नेमून त्याच्या हातून टाकायचं. निष्ठेचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो राबातलाही विचारता येईल.

"उलटले." नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या हकीम झियेचने 2015 मध्ये नेदरलँड्सऐवजी मोरोक्को निवडला तेव्हा डच फुटबॉलचा दिग्गज मार्को व्हॅन बास्टनने त्याला जाहीरपणे मूर्ख पोरगा म्हटलं होतं. नेदरलँड्स तेव्हा जगातल्या मोठ्या संघांत, मोरोक्को 1998 नंतर विश्वचषकातही नाही. फायदा बघणारा माणूस असा सौदा करत नाही. हकीमीला स्पेननेही आजमावून पाहिलं होतं. तिथे घरच्यासारखं वाटलं नाही, असं त्याने नंतर सांगितलं. मग 2022 च्या विश्वचषकात त्याच स्पेनविरुद्ध शेवटची पेनल्टी त्याच्या पायावर आली. त्याने ती अलगद मधोमध टाकली आणि पेंग्विनसारखा डुलला. याला उलटणं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते डुलणं मी दहादा बघितलंय.

शेवटचं वाक्य, "जिथे जन्मलात तिथलेच व्हा." हा नियम लावायचा तर सगळीकडे लावू. एका विश्वचषकात 13 गोल हा विक्रम 1958 पासून जुस्त फाँतेनच्या नावावर आहे, फ्रान्ससाठी. जन्म: माराकेश. कासाब्लांकाचा लार्बी बेन बारेक 1938 पासून 1954 पर्यंत फ्रान्सकडून खेळला. तेव्हा कुणी पॅरिसला जाऊन 'हा संघ तुमचा नाहीच' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि लामिन यमाल. वडील मोरोक्कन, आई इक्वेटोरियल गिनीची, जन्म बार्सिलोनाजवळचा. मोरोक्कोने त्यालाही विचारलं होतं. त्याने स्पेन निवडला, आणि तेही त्याचं ठीकच. 2024 च्या युरोच्या उपांत्य सामन्यात त्याने फ्रान्सविरुद्ध तो गोल मारला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या रात्री दोन वाजेपर्यंत आमचा ग्रुप जागा होता. ज्यांनी हा मजकूर आजवर तीनदा पाठवलाय, त्यांचाच पहिला मेसेज होता: "स्पेनचं पोरगं, नाद खुळा!"