रेफर केलं म्हणजे झालं का?

डोकं जाम फिरलंय म्हणून लिहायलेय. आमच्या पोराला पाचवं वर्ष चाललंय, अजून दोन शब्द जोडून बोलंना, आणि जो तो उठतो नि मलाच शिकवतो. सासूबाई म्हणतात याचा बाप पण उशिराच बोलला, शेजारच्या काकू म्हणतात वेखंड उगाळून जिभेला लाव, आणि पुण्यातली नणंद फोनवर म्हणते, वहिनी स्पीच थेरपी लावा ना. लावा ना! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते जणू, जाते नि पाव किलो आणते.

कागदावर सगळं हाय बरं का. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची म्हणजे आरबीएसकेची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरं तपासणार, कोण उशिरा बोलतंय, कुणाला कमी ऐकू येतंय ते हुडकणार, मग जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणार, तिथं म्हणे थेरपिस्ट. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार धरलेत, त्यात वाचा आणि भाषेचा पण आहे. गाडी आली, खोटं कशाला बोलू, मॅडमनी नीट तपासलं, चिठ्ठी लिहिली, रजिस्टरात रेफर म्हणून नोंद केली, गाडी गेली. त्यांच्या हिशोबानं काम संपलं. (ऊसतोडीला गेलेल्यांचं तर विचारूच नका, गाडी येते तेव्हा लेकरू आईबापासंगं फडात असतंय, त्याला तेवढी चिठ्ठी पण मिळत नाही.)

चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला गेलो तर थेरपिस्टची खुर्ची रिकामी. मॅडम सोडून गेल्या, भरती होईल म्हणे. होईल कधी? आणि का टिकावं कुणी? बारावी सायन्सनंतर चार वर्षं शिकायचं आणि मग कंत्राटी ऑर्डरवर दरवर्षी टांगून राहायचं, त्यापेक्षा पोरी पुण्या-मुंबईत क्लिनिक टाकतात, त्यांना तरी कोणत्या तोंडानं बोलावं.

मग तिथले म्हणाले आधी कानाची बेरा टेस्ट करून घ्या, ऐकूच येत नसलं तर बोलणार कुठून. हे पटलं मला. पण ती टेस्ट लेकरू झोपेत असतानाच करावी लागते. म्हणून रात्री उशिरापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं, एसटीत डोळा लागू नये म्हणून सारख्या टिचक्या वाजवल्या, बैल दाखव, ट्रॅक्टर दाखव, आणि गाव सुटून शहर आलं तसं हे महाराज माझ्या खांद्यावर गाढ झोपले. दवाखान्यात पोचेपर्यंत टकाटक जागे! झोपेचं औषध पाजलं, अर्धं ओकलं, डोळे मिटायला लागले तर जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर कपाळाला नि कानामागं वायरी चिकटवल्या की दचकून उठलं आणि असं बोंबललं की सगळा व्हरांडा गोळा झाला. वर त्या बाई मलाच म्हणतात, पुढच्या तारखेला या, झोपवून आणा. अहो झोपवूनच आणायचंय तर मशीन तालुक्याला ठेवा की! बायकांना हाफ तिकीट झालंय हे खरं, पण कापूस वेचणीत रोज बुडतो त्याचं हाफ कोण देतंय?

आणि आमच्या पुढाऱ्यांना एकच कळतं, शिबिर. साहेबांचा वाढदिवस आला की मांडव, फ्लेक्स, फुकट चष्मे, फोटो. थेरपी अशी एका दिवसात उरकत नाही हो. आठवड्याला अर्धा-पाऊण तास कुणीतरी लेकरासमोर बसून खेळत बोलतं करायचं, आईला दाखवायचं की आंघोळ घालताना, भाकर देताना कसं बोलायचं, विचारल्यावर किती थांबायचं, मग आठ दिवस घरी तेच घोकायचं, पुढच्या वेळी बघून पुढचं द्यायचं. असं महिनोन् महिने. हे मांडवात कसं होणार?

ऑनलाइन करा म्हणणारे पण भेटले. रेंज येते फक्त शाळेच्या गच्चीवर, तिथं उन्हात मोबाईल धरून बसलं तर थेरपिस्ट ताईंचं तोंड उघडं ते उघडंच अडकतं, ओठ कसे हलतात तेच लेकराला दिसंना, मग शिकावं काय? त्यात अंगणवाडीताईला सांगावं म्हटलं तर ती बिचारी पोषणाच्या ॲपमध्ये फोटो टाकूनच मेटाकुटीला आलेली, तिला लेकराशी बोलायचं कुणी शिकवलं असतं तर तिनं केलंही असतं.

मला रोज नकोय काही. आठवड्यातून एक वार, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक खोली, एक थेरपिस्ट, ठरलेल्या वेळेला. एवढंच. हेच अर्जात लिहून दिलं तर साहेब म्हणतात तुमचा अर्ज जिल्ह्याला पाठवतो. म्हणजे अर्जाला पण रेफर!

मराठवाड्यात कुणाच्या तालुक्याला खरंच थेरपिस्ट येत असेल तर कोणत्या वारी येतात तेवढं सांगा. लांब असलं तरी चालंल. आणि वेखंडाचं कुणी परत सांगू नका.