चौथ्या तारेचा निषाद

गिटारवर जेमतेम आठ कॉर्ड्स, म्हणजे एकत्र छेडायचे सूरगट, वाजू लागल्या की त्या आठही आपल्याला बाळबोध वाटू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास ‘बायझंटाईन स्केल’ असे शीर्षक असलेले प्रकरण समोर येते. माझ्या पुस्तकात ते अगदी शेवटचे होते. या स्केलला, म्हणजे सुरांच्या या मालिकेला, ‘डबल हार्मोनिक’ असेही म्हणतात, हे त्याखालीच छापलेले होते. पण ते नाव व्याजाच्या हिशेबातले वाटल्यामुळे मी बायझंटाईनवरच भाळले.

ईपासून आरंभ केला तर या स्केलचे सूर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी आणि डी शार्प असे येतात. त्यांतील अंतरे फ्रेटमध्ये, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या अर्ध्या-अर्ध्या सुराच्या घरांत, मोजली तर एक, तीन, एक, दोन, एक, तीन, एक अशी भरतात, म्हणजे उलट मोजली तरी तीच. एकेक सूर वाजवत गेले तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. संकट आले ते कॉर्ड्स बांधताना.

नियम तसा सोपा आहे: एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा. पहिल्या सुरावर ई मेजर मिळाली, जी मला येतच होती. दुसऱ्यावर एफ मेजर, आणि तिथे तर लॉटरीच लागली, कारण ई मेजरची बोटे जशीच्या तशी एक फ्रेट पुढे सरकवून उरलेल्या तारा मोकळ्या वाजू दिल्या, तर एफबरोबर मोकळी ई आणि बी मिसळून असा काही भारदस्त आवाज येतो की वाजवणाऱ्याला स्वतःच्या वकुबाबद्दल गैरसमज व्हावा. माझा झाला. तिसरी जी शार्प मायनर, चौथी ए मायनर. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पाचव्या कॉर्डवर मात्र गाडी घसरली. कोणत्याही सरळमार्गी स्केलमध्ये पाचवी कॉर्ड माणसाला बोट धरून घरी, म्हणजे पहिल्या कॉर्डवर, आणून सोडते. इथे तिचे सूर बी, डी शार्प आणि एफ. मेजर म्हणावी तर तिचा पंचम अर्ध्या सुराने खचलेला. चौथा सूर म्हणून ए घातला की पुस्तकाच्या भाषेत ती ‘बी सेव्हन फ्लॅट फाइव्ह’ होते आणि माझ्या भाषेत करंगळीची शिक्षा होते: पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पुन्हा दुसऱ्यावर आणि दुसरी तार थेट चौथ्यावर. करंगळी तिथे पोहोचेपर्यंत तर्जनी जागा सोडते. तर्जनीची समजूत काढावी तर मधले बोट शेजारच्या तारेवर रेलते. एवढे करून ही कॉर्ड घरी नेतच नाही. ते काम दुसरी कॉर्ड एक फ्रेट मागे सरकून विनासायास करते.

सहावी सी ऑगमेंटेड ऐकायला भुताटकीची, पण धरायला सोपी निघाली. सातवीत डी शार्प, एफ आणि ए. यातला एफ नियमाने तिसरा असला तरी अंतराने दोनच फ्रेट दूर. चौथा सूर सी मिळवला आणि काय अवतरले? कानाला चक्क एफ सेव्हन, फक्त डी शार्प तळाशी घेऊन उलटी उभी! सात दारे ठोठावली आणि सातव्या दारातून दुसऱ्याच घरातली मंडळी डोकावली.

अकराव्या रात्री आई दारात येऊन उभी राहिली. तिने गाणे शिकलेले आहे.

“अगं, हा सकाळचा राग भैरव ना? या वेळेला?”

“आई, हे बायझंटाईन आहे.”

“असू दे. रिषभ-धैवत कोमल आहेत, बाकी सगळं शुद्ध. पण तुझा रिषभ डोलत कसा नाही?”

फ्रेटवर बांधलेला सूर ताण देऊन हलवता येतो, पण सहा तारा धरून बसलेला हात एकाच सुराला झोके कसे देणार, हे मी तिला समजावू लागले. कर्नाटक संगीतात याच सुरांचा मायामाळवगौळ नवशिक्यांना पहिल्या धड्यांत देतात, हे आठवून मी पुस्तकाचे शेवटचे प्रकरण हळूच उशीखाली सरकवले.

“बरं, ते जाऊ दे,” आई म्हणाली, “पण मधूनमधून कोमल निषाद का लावतेस? आणि कोमल गंधारसुद्धा?”

मी ते लावत नव्हते. कॉर्ड बदलताना बोटे उचलली की चौथी आणि तिसरी तार, म्हणजे डी आणि जी, मोकळ्या वाजत होत्या. सहा तारांतल्या याच दोन या स्केलच्या बाहेरच्या. उपाय सुचला तो इतका सरळ होता की आधी का सुचला नाही याचाच राग आला. मी दोन्ही तारा अर्ध्या सुराने चढवल्या. आता सहाही मोकळ्या तारा भैरवात होत्या, आई समाधानाने झोपायला गेली, आणि मी सहावी, सी ऑगमेंटेड, सवयीच्या बोटांनी धरून तार छेडली.

एफ मेजर वाजली.