मशेरी खात नाहीत, लावतात

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या एक वाद चालू आहे. आरोग्याच्या पाहणीसाठी बायकांना उन्हातान्हात दारोदार कशाला फिरवायचं? फोन लावा, विचारा, झालं. माझा चुलतभाऊ याच मताचा. "दादा, दिवसात कितीतरी घरं उरकतात," असं त्यानं मला इथे लीड्सला फोन करून पटवलं. उरकतात, खरंय. पण हाती काय लागतं?

गेल्या मे महिन्यात मी घरी होतो तेव्हा पाहणीवाली एक मुलगी आली. आईला म्हणाली, "आजी, तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "नाही गं बाई." ती खोटं बोलली नव्हती. भाजक्या तंबाखूच्या मशेरीची डबी तिच्या मागेच कोनाड्यात होती, पण मशेरी दातांना लावतात, खात नाहीत. ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे या तंबाखूच्या जागतिक पाहणीच्या भारतातल्या प्रश्नावलीत मशेरीचं नाव घेऊन विचारतात, ते याचसाठी. मग वहिनीची पाळी आली. तिच्या दुखण्याची उत्तरं माझ्या भावानं दिली, वहिनी नुसती मान हलवत राहिली. मला ते अजून सलतं.

इंग्लंडच्या आरोग्य पाहणीत तरुण पोरांना दारू-सिगारेटचे प्रश्न तोंडी विचारत नाहीत, छापील पुस्तिका हातात देतात. आईबापांसमोर बोलावं लागत नाही. सिगारेटचं खरं-खोटं तपासायला लाळेचा नमुनाही घेतात. आमच्या आईला पुस्तिका देऊन उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. पण कानाला हेडफोन लावून मराठीत प्रश्न ऐकवता येतील, पडद्यावर बोट ठेवून तिला उत्तर देता येईल.

आणि हे सगळं परदेशातूनच आणायला हवं असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारायचा नियम आहे. एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून द्यायचे. किती शहाणा नियम!

फोनवर हा एकांत कोण बघणार? परक्या आवाजाला मनातलं सांगणं कधी कधी सोपं जातं, हे मी मानतो. पण त्यासाठी फोन बाईच्या स्वतःच्या हातात हवा. आमच्याकडे तो भावाच्या खिशात असतो, आणि घरात वाजला की स्पीकरवर. विचारणारीला ना कोनाडा दिसतो, ना शेजारी बसलेली सासू.

माणसं पाठवा, घरं कमी झाली तरी चालतील. आणि वहिनीला विचारायचं असेल तेव्हा माझ्या भावाला आधी ओसरीवर जाऊन बसायला सांगा.