दुसरं बाळंतपण पण बाळंतपणच असतं

धाकटी आज ४२ दिवसांची झाली. सकाळी आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका, येऊन वजन करून गेल्या, चार किलो दोनशे भरलं, आणि त्या गेल्यापासून मी हे टाईप करत बसलेय, एक हात फोनवर आणि एक पाळण्याच्या दोरीवर. दीड महिना मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

थोरल्याच्या वेळी मी माहेरी होते, शिरोळ तालुक्यात. सातव्या महिन्यात ओटी भरून आईनं नेलं ते बाळ तीन महिन्यांचं झाल्यावरच परत पाठवलं. सकाळी हळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी, मालिशवाली मावशी, शेक, धुरी. सव्वा महिना मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पहिलं माहेरी आणि दुसरं सासरी ही आपल्याकडची पद्धत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण दुसऱ्या वेळी नुसतं घर बदलत नाही हो, बाळंतिणीकडं बघायची नजरच बदलते, आणि हे मला स्वतःवर आल्याशिवाय कळलं नाही.

तारीख जुलैच्या शेवटची. पावसानं धरलेलं. कोल्हापूरकरांना सांगायला नको, त्या दिवसांत सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. बाकीच्यांना पूर दिसत होता, मला त्या आकड्यात माझी आई दिसत होती, कारण पाणी वाढलं की शिरोळकडचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही. आणि झालंही तसंच. आई कपडे भरून, डिंकाचे लाडू बांधून तयार होती आणि तिकडंच अडकली, आठ दिवस.

कळा पहाटे तीनला सुरू झाल्या. पहिल्या वेळी १६ तास गेले होते म्हणून आम्ही जरा निवांत होतो, थोरल्याला उठवू नये म्हणून मी अंधारातच बॅग भरत होते, आणि शिवाजी पेठेतनं राजारामपुरीपर्यंत रिक्षा जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं की हे वेगळंय, हे थांबणार नाही. सात वाजायच्या आत पोरगी झाली. दोन किलो नऊशे. छातीवर ठेवली तेव्हा बाहेर नुसता धो धो पाऊस आणि ही एकदम शांत, डोळे उघडे.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. उंबऱ्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, पायांवर पाणी घातलं. थोरला पाच वर्षांचा, नवीन शर्ट घालून दारात उभा. त्यानं आधी बाळाकडं बघितलंच नाही, माझ्या पोटाला हात लावून बघितला. मग कुंचीत डोकावून विचारलं, "हिला माझं नाव माहितेय का?" तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरात सगळ्यांना आनंद होता, खरंच होता, पेढे वाटले, गल्लीतनं बायका येऊन गेल्या. पण प्रत्येकीच्या तोंडी एकच, "दुसरी वेळ हाय की, हिला सगळं म्हाईत हाय." आणि या एका वाक्यानं मला पाचव्या दिवशी ओट्यापाशी उभं केलं. कुणी बळजबरी केली नाही. थोरल्याचा डबा होता, रिक्षावाले मामा साडेसातला येतात, सासूबाईंचे गुडघे धरलेले, ह्यांची रजा संपलेली, आणि टाके ओले असताना मी पोळ्या लाटत होते. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मलाही तेव्हा दिसलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि "माहीत असतं" म्हणजे काय माहीत असतं? बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात अशा कळा यायच्या की मी दात आवळून बसायचे. पहिल्या वेळी इतकं नव्हतं. मला वाटलं आत काहीतरी बिघडलंय, दोन रात्री कुणाला बोलले नाही, भीती वाटत होती. शेवटी आशाताई सातव्या दिवशी आल्या त्यांना विचारलं. त्यांनी शेजारी बसून समजावलं, बाळ प्यायला लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं गर्भाशय आवळतं. पहिल्या वेळी स्नायू घट्ट असतो तो आवळूनच राहतो, दुसऱ्या वेळी तो सैल झालेला असतो, सुटतो आणि परत आवळतो, म्हणून दुसरीला जास्त दुखतं. बाळंत झाल्यावर जवळजवळ एक किलोचं असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत ६० ग्रॅमच्या आसपास येतं, आणि हे काम पहिलीला तेवढंच आणि दुसरीलाही तेवढंच. मग जिला जास्त दुखतं तिला कमी आराम, हा कुठला हिशोब?

आपला कायदासुद्धा असा फरक करत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा १२ आठवड्यांवरनं २६ आठवडे केली ती पहिल्या दोन्ही मुलांना सारखीच. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या, त्यातही दुसरी वेळ म्हणून ९० दिवस चालतील असं कुणी सांगत नाही. आशाताईंच्या फेऱ्या पण तेवढ्याच, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. सव्वा महिना फक्त घरात कमी होतो. उलट थोरलं असतं घरात, त्याचं खाणंपिणं असतं, त्याला रात्री अचानक आईच पाहिजे असते, काम दुप्पट होतं.

सासूबाईंवर माझा राग नाही. एकदा रात्री मी रडत होते तेव्हा त्या उठून आल्या, पाय चेपत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या दुसऱ्या येळंला आठव्या दिवशी मी भांगलणीला गेल्ते. कुणी इचारलंच न्हाई, म्हणून मला बी तुला इचारायचं सुचलं न्हाई बाई." दुसऱ्या दिवसापासनं डबा ह्यांच्याकडं आला. पहिले दोन दिवस पोळ्या कच्च्या राहिल्या, थोरल्यानं खाल्ल्या. आणि पाणी उतरल्यावर आई आली, आल्या आल्या तिनं हळीव भिजत घातले.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीची पुढच्या महिन्यात दुसरी वेळ आहे. माहेर लांब, विदर्भातलं. काल तिला सांगून आलेय की तुझ्या थोरल्याचा डबा सव्वा महिना आमच्याकडनं येणार, रिक्षात पण ह्यांनीच बसवायचं ठरलंय. ती नको नको म्हणत होती, दुसरीच वेळ आहे ताई, मला माहितेय सगळं. मी म्हटलं माहीत असू दे, तू झोप.