नाव जुळले म्हणजे नमुना ओळखला गेला, असे नव्हे

नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहांतील नोंदी संगणकावर येऊ लागल्यापासून एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा की, संग्रहातील सर्व शास्त्रीय नावांची यादी नावजुळणीच्या सॉफ्टवेअरला द्यावी. ते स्पेलिंग दुरुस्त करून प्रत्येक जुन्या नावाच्या जागी आजचे मान्य नाव बसवते. त्यानंतर जुनी नावे पुसली तरी चालतात आणि वर्गीकरणतज्ज्ञाचीही गरज उरत नाही. या साधनांचे मोल मी जाणतो, आणि म्हणूनच त्यांच्यावर हा भार टाकणे मला धोक्याचे वाटते.

स्पेलिंगविषयीचा दावा बव्हंशी खरा आहे. ‘ग्लोबल नेम्स’ या प्रकल्पाचा पार्सर, म्हणजे नावाचे घटक सुटे करणारा प्रोग्रॅम, नावातील जीनस (जवळच्या प्रजातींचा गट), प्रजाती, लेखक (म्हणजे ते नाव देणारा शास्त्रज्ञ) आणि वर्ष वेगळे करतो, आणि लिनियससारख्या एकाच लेखकाचे नाव कुठे पूर्ण, कुठे ‘लिन.’, तर कुठे नुसते ‘एल.’ असे लिहिलेले असले तरी ते एकाच व्यक्तीचे आहे हे अशा साधनांना ओळखता येते. हजारो नोंदींमध्ये हे काम हाताने करण्यात शहाणपण नाही. मात्र सॉफ्टवेअर अक्षरांची तुलना अक्षरांशीच करते. ‘बुफो बुफो’ हा एक भेक आहे आणि ‘बुबो बुबो’ हे एक घुबड. भेकाचे लेबल टंकताना दोन्ही शब्दांत ‘फ’च्या जागी ‘ब’ पडला, तर सॉफ्टवेअरला चूक सापडत नाही. उलट त्याला एक निर्दोष, तंतोतंत जुळणारे नाव सापडते. शिवाय वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाच्या संहिता स्वतंत्र असल्यामुळे ‘मोरस’ हे नाव तुतीलाही आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यालाही, आणि दोन्ही नियमाला धरून आहेत. म्हणून नावासोबत कुल, वर्ग आणि मूळ लेखक हेही पाठवावे लागतात. ते न पाठवता मिळालेल्या ‘अचूक जुळणी’ला फारसा अर्थ नसतो.

जुन्या नावाच्या जागी नवे नाव बसवण्याचा दावा यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. बाभळीचे नाव लिनियसने 1753 साली ‘मिमोसा निलोटिका’ असे दिले, पुढे ती ‘अकेशिया निलोटिका’ झाली आणि आज ती ‘व्हॅचेलिया निलोटिका’ म्हणून ओळखली जाते. ही तिन्ही नावे एकाच प्ररूप नमुन्यावर, म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचे बांधलेले असते त्या नमुन्यावर, आधारलेली आहेत. त्यामुळे हा बदल सॉफ्टवेअरने बिनधास्त करावा. याउलट, निरनिराळ्या प्ररूपांवर आधारलेली दोन नावे एकाच प्रजातीची आहेत असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते कुणा अभ्यासकाचे मत असते आणि पुढचा अभ्यासक ते फिरवू शकतो. प्रजातीची विभागणी झाली असेल, तर अडचण आणखी खोल जाते. आफ्रिकेतील सर्व हत्ती दीर्घकाळ ‘लोक्सोडोंटा आफ्रिकाना’ या एकाच प्रजातीत मोजले जात. आज वनहत्ती ‘लोक्सोडोंटा सायक्लोटिस’ म्हणून वेगळा मानला जातो, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2021 साली प्रथमच या दोन प्रजातींचे मूल्यमापन स्वतंत्रपणे केले. आता गॅबनच्या जंगलातील एखाद्या जुन्या कवटीच्या लेबलवर ‘लोक्सोडोंटा आफ्रिकाना’ असेल, तर सॉफ्टवेअर ते नाव मान्य ठरवते, पूर्ण गुण देते आणि पुढे जाते. नाव खरेच मान्य आहे. फक्त ते या कवटीचे नाही. लेबल लिहिणाऱ्याच्या काळात त्या नावाचा आवाका किती होता, हे नावाच्या अक्षरांत कुठेच लिहिलेले नसते. ते संकलनाच्या ठिकाणावरून, वर्षावरून आणि अखेरीस हाडे पाहून ठरवावे लागते. प्रजाती विभागल्या गेलेल्या अशा नावांची यादी आधी करून त्या नोंदी बाजूला काढणे, ही कोणत्याही स्वयंचलित दुरुस्तीची पहिली पायरी असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

‘आजचे मान्य नाव’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. नामकरणाच्या संहिता नाव कसे द्यावे हे सांगतात. कोणती प्रजाती मानावी आणि कोणती मानू नये, हे त्या ठरवत नाहीत. पक्ष्यांच्या बाबतीत तर क्लेमेंट्स आणि आयओसी या दोन प्रतिष्ठित याद्यांमध्ये वर्षानुवर्षे मतभेद राहिले. म्हणून कोणत्या यादीच्या कोणत्या आवृत्तीशी आणि कोणत्या तारखेला जुळणी केली, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेच पाहिजे.

जुनी नावे पुसण्याचा सल्ला मात्र मी पूर्णपणे नाकारतो. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना लावलेल्या कागदावर एकाखाली एक चिकटवलेल्या चिठ्ठ्या म्हणजे त्या नमुन्याविषयीच्या मतांचा इतिहास असतो. कोणी, केव्हा, काय ठरवले हे तिथेच कळते. प्ररूप नमुन्याचे मूळ नाव हरवले, तर तो प्ररूप आहे हेच हरवते. अनेकदा ओळखणाऱ्याने नावात ‘सीएफ.’ (तुलना करा) किंवा ‘अ‍ॅफ.’ (जवळचे, पण तेच नव्हे) लिहून आपली शंका नोंदवलेली असते, आणि नाव स्वच्छ करताना नेमकी तीच अक्षरे गळून पडतात. मग शंकेची नोंद खात्रीची होऊन बसते. डार्विन कोअर या विदा-मानकात मूळ लिखित ओळख, आधीच्या ओळखी आणि अशी शंकादर्शक खूण यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. ते भरण्यास फारसा खर्च येत नाही.

उरला तज्ज्ञाचा प्रश्न. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि एडिनबराची वनस्पती उद्यान संस्था येथील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘अफ्रामोमम’ या आफ्रिकी वनस्पती-जीनसचे नमुने तपासले. 2014 साली त्या जीनसचा सविस्तर अभ्यास पूर्ण होण्याआधी किमान 58 टक्के नमुन्यांवर चुकीचे, कालबाह्य किंवा अपुरे नाव होते. डिप्टेरोकार्पेसी या साल वृक्षाच्या कुलात त्यांनी एकाच वेळी गोळा करून निरनिराळ्या हर्बेरियमांना वाटलेल्या जोडनमुन्यांची तुलना केली, तेव्हा अशा 29 टक्के संकलनांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावे मिळालेली दिसली. यांतील कालबाह्य नावे सॉफ्टवेअरने सुधारता येतील. परंतु एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर दोन बिनचूक लिहिलेली, मान्य, तरीही भिन्न नावे असतील, तर सॉफ्टवेअर दोन्हींना पूर्ण गुण देईल. त्यांतले एक तरी चूक आहे, हे सांगायला कुणाला तरी दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावे लागेल.