लाल ठिपक्याची निगा

तुमच्या कॉलेजात एलएमएस, म्हणजे नोट्स, लेक्चर आणि असाइनमेंटचं ऑनलाइन सॉफ्टवेअर, आलं का? अभिनंदन. विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी आता त्यांच्याकडे बघावं लागत नाही, त्याच्या डॅशबोर्डकडे, म्हणजे आकड्यांच्या पडद्याकडे, बघितलं की भागतं.

सुरुवात लॉगिनपासून करा. लॉगिन म्हणजे अभ्यास. व्हिडिओ चालू ठेवून आंघोळीला गेलेला मुलगा अभ्यासू. पीडीएफ एकदाच उतरवून पुढचे 3 आठवडे पीएमटीच्या बसमध्ये वाचणारा संशयास्पद. चौघी एकाच मोबाइलवर लेक्चर बघत असतील तर एक हजर, तिघी गायब.

मग प्रत्येक नावाशेजारी रंगीत ठिपका द्या. हिरवा, पिवळा, लाल. कल्पना कुठली असं कुणी विचारलंच, तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं नाव ठोकून द्या. तिथल्या ‘कोर्स सिग्नल्स’ या यंत्रणेत क्लिकांबरोबर मार्क आणि मागची कामगिरीही धरायचे, आणि दिव्याचा रंग बघून शिक्षक मुलांना निरोप धाडायचे, हे मात्र सांगू नका. स्लाइडवर मावत नाही.

संमती? असेल प्रवेश अर्जाच्या बारीक अक्षरांत. (ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने 2014 साली मुलांचा डेटा कसा वापरायचा याचं धोरणच लिहून काढलं. वेळ असतो एकेकाला.)

तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाला एकदम लॉगिन करायला लावा. आलेख छान चढतो.

आणि ठिपका लाल झाला की थेट पालकांना मेसेज. इंग्रजीतच. मागच्या मंगळवारी सकाळी साडेसातला गेटवर एक गृहस्थ उभे होते. धाराशिवहून रात्रीच्या एसटीने आलेले. मोबाइल पुढे करून म्हणाले, ‘‘सर, पोरगं कॉलेजात येतच नाही म्हणं. दुकानदारानं वाचून दाखवलं.’’ मेसेजमध्ये होतं, एंगेजमेंट, म्हणजे एलएमएसवरचा वावर, 11 टक्के. पोरगं रोज माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसतं! संध्याकाळी हडपसरला दुकानात काम करतं, डेटा पुरवून वापरतं, म्हणून कॉलेजच्या वाय-फायवर सगळ्या नोट्स एकदम घेऊन ठेवतं. त्याची वही मागवली. भागीदारीची सगळी गणितं सोडवलेली, तांबड्या शाईने तपासलेली. बाप बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवत राहिला. त्याचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, रात्रभराचा घोर कुठल्या कॉलममध्ये भरायचा? आयटीवाल्याला विचारलं तर म्हणे, ‘‘सर, मेसेज ऑटो आहे.’’ ऑटो! पुण्यातला रिक्षावालासुद्धा निदान तोंड उघडून ‘नाही येणार’ म्हणतो.

बरं, डॅशबोर्ड नेहमीच चुकतो असंही नाही. गेल्या वर्षी एक मुलगी होती. जुलैत पहिली असाइनमेंट वेळेवर, दुसरी राहिली, तिसरी राहिली, ऑगस्टनंतर लॉगिनच नाही. ठिपका 6 आठवडे लाल होता. आम्ही काय केलं? यादीची प्रिंट काढली, शिक्का मारला आणि कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायलीत ‘विद्यार्थी साहाय्य’ या मथळ्याखाली लावली. दिवाळीनंतर ती दाखला न्यायला आली, तेव्हा कळलं की आई अंथरुणाला खिळली होती आणि फीचा हप्ता थकला होता. ‘‘कुणी विचारलं नाही का गं?’’ म्हटलं. ‘‘नाही सर.’’ मीही विचारलं नव्हतं.

अरे, फोन करायचा असतो! नंबर त्याच पडद्यावर आहे, ठिपक्याच्या शेजारी. ठिपक्यासाठी पैसे आहेत, पण फोन करायला माणूस नाही, कारण आम्ही निम्मे तासिका तत्त्वावर. मेंटॉर म्हणून नाव लावायला तेवढे चालतो. आणि जे कायम आहेत, त्यांना मीटिंगांमधून फुरसत नाही.

आज नवी यादी आलीय. 14 नावं आहेत. ‘नोंद घेण्यात आली’ लिहून पुढे सरकवाल, तर लाज वाटू द्या. खुर्च्या ओढा, फोन लावा. आधी मुलाला, मग बापाला. आणि मराठीत बोला.