पिठल्याचे २८० रुपये आणि इमोचं ताट

परवापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. हायवेवरच्या कुठल्यातरी हॉटेलचं मेनूकार्ड, त्यात पिठलं-भाकरी-ठेचा २८० रुपये, आणि त्याच्याभोवती लाल गोल. चुलतभावाने टाकलाय, खाली लिहिलंय, "पिठल्याचे २८०? घरी वीस रुपयांत होतं. लूट आहे नुसती." मग काका, आत्या, वहिनी सगळे त्याच्या बाजूने. आईनेपण अंगठा दिलाय. माझं डोकंच फिरलं.

मी आठ वर्षं दक्षिण कोरियात देजॉनला राहते, आणि आठवड्यातून तीनदा तरी ओउन-दोंग भागातल्या एका गल्लीत इमोकडे, म्हणजे तिथल्या खानावळवाल्या बाईकडे, जेवते. नऊ टेबलं. मेनू असा नाहीच, बेकबान म्हणजे रोजचं घरगुती ताट, ते मागायचं नाही, बसलं की येतंच. झाकणाच्या स्टीलच्या वाटीत गरम भात, दोएनजांगचं चिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा, उकळतंच टेबलावर येतं, आणि भोवती सहा-सात वाट्या, पालकाचं नामुल म्हणजे भाजी, मोड आलेल्या सोयाबीनचं एक, तिखट-गोड म्योलची म्हणजे छोटे सुके मासे, किमची तर आहेच, शिवाय त्या दिवशी बाजारात जे स्वस्त असेल ते. वाटी संपली की परत भरून मिळते, त्याचे पैसे नाहीत. हे सगळं १०,००० वॉनला, म्हणजे साधारण सहाशे रुपये. २०२५ ला इथलं तासाचं किमान वेतन १०,०३० वॉन होतं, तेव्हा एक तास राबलं की एक ताट. आणि यात खास असं काहीच नाही, हे त्यांचं घरचंच जेवण, प्रत्येकाची आजी हेच करायची. तरी मी एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही की दोएनजांगच्या चिगेचे दहा हजार कसले, घरी तर फुकट होतं.

"घरी होतं" म्हणजे काय हो दादा? आपोआप होतं का? कुणीतरी पीठ मळतं, थापतं, तव्यासमोर घामाघूम होऊन उभं राहतं, आणि ते कुणीतरी पैसे मागत नाही म्हणून तुम्ही हिशेबात फक्त बेसन आणि कांदा धरता. याच दादाने गेल्या महिन्यात पोरीला पुण्यात कोरियन हॉटेलात नेलं आणि वाडगाभर रामयन नूडल्सचे साडेचारशे मोजले, वर फोटोपण टाकला. ते रामयन पाकिटातलं असतं, चार मिनिटं उकळलं, वर एक अंडं सोडलं की झालं. त्याचे साडेचारशे चालतात आणि हाताने थापलेल्या भाकरीचे २८० म्हणजे लूट!

इमो म्हणजे मावशी, सख्खी, आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला गोमो म्हणतात, आपल्या आत्यासारखं वेगळं नाव आहे. पण जेवणाच्या ठिकाणी वाढणाऱ्या बाईला सगळे इमोच म्हणतात, गोमो कुणी म्हणत नाही, जशी आपल्याकडे खानावळीत मावशी असते पण आत्या नसते. आपण म्हणतो तिच्या हाताला चव आहे, हे म्हणतात सोनमात, सोन म्हणजे हात आणि मात म्हणजे चव. पहिल्यांदा हा शब्द कळला तेव्हा मी समोरच्या सहकाऱ्याला तीनदा समजावून सांगितलं की आमच्याकडे अगदी हेच म्हणतात, त्याला त्यात एवढं काय ते काही कळलं नाही.

दुपारी तीन ते पाच दुकान बंद असतं. एकदा मी उशिरा गेले, दाराला पाटी लागलेली, पण इमोने काचेतून हात केला आणि आत घेतलं. ती खाली वर्तमानपत्र पसरून सुक्या म्योलची निवडत बसलेली, बोटभर लांबीचे रुपेरी मासे. एकेक उचलायचा, नखाने डोकं मोडायचं, पोट उघडून आतला काळा गोळा काढायचा, तो राहिला तर रस्सा कडू होतो. डोकी एका भांड्यात, अंग दुसऱ्यात. मीपण बसले. अर्ध्या तासात माझा एक वाडगा झाला नाही तोवर तिचे तीन झाले होते, आणि एवढं करून त्याचं नुसतं पाणी होतं, चिगेच्या खालचं, ताटात ते दिसतसुद्धा नाही. ते तिच्या दहा हजारात धरलेलं असतं. तुमच्या वीस रुपयांत धरता का?

इथं नोव्हेंबरमध्ये बायका जमून हिवाळ्याची किमची घालतात ना, ते किमजांग, ते २०१३ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. मी तेव्हा इथं नव्हते, पण नंतर वाचलं तेव्हा पहिली आठवण आली आमच्या गच्चीवरच्या वाळवणाची, कुरडयांचा चीक, सांडगे, पापड लाटायला आलेल्या शेजारच्या काकू. त्याला आपण काय म्हणतो? उन्हाळ्यातली कामं.

सगळं इथं छान आणि तिकडे वाईट असं मला म्हणायचं नाहीये. इमोची मुलगी दुकान घ्यायला तयार नाही. माझ्या लॅबमधली पोरं कन्व्हिनियन्स स्टोअरचा डबा खातात, ते स्वस्त पडतं. आणि पहिल्या वर्षी मला दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं, कारण एकटीला वाढत नाहीत, दोघांपासून पुढे. इमोने काही न विचारता बसवलं. आता ती मला बघितली की भात काढते. पण दर सणाला न चुकता विचारते की आपल्या देशात परत कधी जाणार, आणि कराडला गेले की शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी विचारतात की परत कधी जाणार. दोघींचा सूर अगदी सारखा असतो, मायेचाच असतो, आणि मला दोन्हीकडे उत्तर देता येत नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. आमच्या घरी डबे होते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचे बत्तीस डबे, आई पहाटे चारला उठायची. मी सातवीत, सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून पोचवायचे आणि वर्गातलं कुणी दिसलं तर म्हणायचे, शेजारच्या काकूंचे आहेत. महिन्याला सहाशे रुपये होते दोन वेळचे, त्यातही पोरांचे वडील दारात उभे राहून घासाघीस करायचे, "वहिनी, पोळ्या काय, घरच्यासाठी करताच की." आणि दादा कॉलेजची दोन वर्षं आमच्याकडेच जेवला. त्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, घरचाच तो. इथं कोरियन लोकांना मी ताठ मानेने सांगते की माझी आई बेकबानचं दुकान चालवायची. कराडात हे एकदाही बोलले नाही.

काल आईला फोन केला. म्हटलं, तू अंगठा का दिलास? ती म्हणाली, "अगं पिठल्याला कोण देतं एवढे." मी खूप भांडले, मग दोघी गप्प. मग तिनेच विचारलं, "ती तुझी मावशी त्या माशांची डोकी काय करते गं? फेकते? आम्ही सुकटीची टाकायचो, पण भाजून कुटली तर चटणी होईल."

आज इमोला विचारलं. म्हणाली, फेकते कुठली, पोटातलं काळं तेवढं टाकते, डोकी कोरडी भाजून कुटून ठेवते. मग हात पुसत विचारलं, तुझ्या आईची टेबलं किती होती. मी म्हटलं, टेबलं नव्हती, बत्तीस डबे, रोज दोन वेळा.

"बत्तीस?" इमो म्हणाली. "एकटीने?"